काझुतोची पाठ

चिकुहो, १७ सप्टेंबर १९७८

तोकुजीदादांस साकुइचीचा नमस्कार.

इतक्या लवकर दुसरं पत्र आलं म्हणून घाबरू नका, इथे कुणी गेलेलं नाही. मलाच झोप लागत नाही.

सकाळी ओबाता न्हाव्याकडे गेलो होतो. डोक्यावर केस उरले नाहीत तरी मी रोज जातो, कारण मला भागाकार येत नाही आणि त्याला येतो. वर्तमानपत्र आलं की तो गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून पेन्सिल घेतो आणि काझुतोची सरासरी काढतो. आज कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "साकुसान, तुमचा पोरगा सगळ्या लीगमध्ये पहिला. आता दुसरा कोण ते वाचा." वाचलं. तुमचा शिंपेई. दोघांत केसभर फरक.

काझुतोला बेसबॉलच्या हेरॉन संघात तेरा वर्षं झाली. संघ दरवर्षी पुस्तिका काढतो, तिच्या शेवटी याद्या असतात: सर्वांत जास्त हिट कोणाचे, होमरन कोणाचे, लीगचा किताब कोणाला. मी ती पुस्तिका मागवतो आणि भिंगाने वाचतो. तेरा वर्षांत काझुतोचं नाव एकदाच आलं, तेही एका फटक्यात आपलेच दोन गडी बाद करवणाऱ्यांत पहिला म्हणून. ओबाताने ते पान दुकानात लावलं होतं, मी भांडून काढायला लावलं.

आता तो चौतिसाचा आहे. मॅनेजर नव्या पोरांकडे बघतो. सरासरीचा किताब मिळाला तर दोन-तीन वर्षं कुणी हात लावणार नाही. नाही मिळाला तर हिवाळ्यात बोलावून 'आभारी आहोत' म्हणतील. त्याला दुसरं काही येत नाही, दादा. गाडीसुद्धा सुनबाई चालवते.

आणि नेमका मोसमाचा शेवटचा सामना तुमच्या पोराच्या बेअर्सशी, काझुतोच्या मैदानावर. अशा वेळी मॅनेजर काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आपला फलंदाज बाकावर बसवायचा, म्हणजे त्याची सरासरी घसरत नाही. समोरच्याला चार चेंडू मुद्दाम लांब टाकून फुकट बेसवर पाठवायचं, म्हणजे त्याची चढत नाही. फुकटचा बेस हिशेबात धरतच नाहीत. दरवर्षी कुठे ना कुठे असं होतंच, आणि किताब बसलेल्याचाच राहतो.

तसं झालं तर तुम्ही माझ्याशी बोलाल ना? काझुतोच्या हातात बॅट तुम्ही दिलीत. खाणीच्या मैदानात संध्याकाळी तुम्ही त्याला चेंडू टाकत होता तेव्हा मी दिवेखोलीत बसून, खाणीत उतरलेल्यांपैकी कुणाचा दिवा परत आला नाही ते बघत होतो. मला ते मैदान कधी जमलंच नाही.

तुमच्या गुडघ्याचं काय झालं? आल्याचा शेक घ्या. पण फार गरम नको, कातडी जाते.

साकुइची


सेतो, २२ सप्टेंबर

साकु,

पूल अजून बांधला नाही आणि तू वाहून गेलास.

गुडघा आहे तसाच आहे. मुलीने शेक दिला, कातडी शाबूत आहे. इथल्या कुंभारांच्या भट्ट्यांच्या धुराने खोकला येतो, पण खाणीतल्या धुळीपुढे हा धूर म्हणजे फुलांचा वास.

शिंपेई काल जेवायला आला होता. मी विचारलं, "दुसरा आहेस म्हणे?" म्हणाला, "हो." "पहिला कोण आहे ठाऊक आहे ना?" म्हणाला, "बाबा, काझुतोदादाचे जुने बूट घालून मी शाळेत खेळलोय, मला काय विचारता?" आणि भात वाढून घेतला. आमच्यात एवढंच बोलणं होतं.

पेपरात वाचलं की काझुतोची पाठ धरली आहे म्हणून गेले दोन सामने तो बसून आहे. कशी आहे पाठ? त्याची पाठ लहानपणी कधी धरली नव्हती.

तू विचारलंस म्हणून सांगतो. शिंपेईला फुकट बेसवर पाठवलं तर मला राग येणार नाही. ते चेंडू टाकणाऱ्याचं, पिचरचं काम, पिचर मॅनेजरचं ऐकतो आणि मॅनेजर मालकाचं. पण काझुतोने बाकावर बसू नये. बसून मिळालेला किताब त्याला पुढे रोज आठवेल आणि तो कुणाला सांगू शकणार नाही. बाद झाला तर झाला. मी त्याला उभं राहायला शिकवलं होतं, बसायला त्याचा तो शिकला असेल.

मी परका माणूस, माझं सांगणं त्याला टोचेल. तू बाप आहेस. तू सांग.

तोकुजी


चिकुहो, २८ सप्टेंबर

चि. काझुतोस आशीर्वाद.

परवा ओबाताच्या दुकानात तुझा फोन आला तेव्हा तीन गिऱ्हाइकं कान लावून बसली होती, म्हणून मला नीट बोलता आलं नाही. तू विचारलंस, "बाबा, मॅनेजर शेवटच्या सामन्यातही बस म्हणतात, काय करू?" मी "हो, हो, थंडी पडली आहे" असं काहीतरी बोललो. तू हसलास, पण तुला बरं वाटलं नसणार.

आता लिहून सांगतो. बस.

मॅनेजर म्हणतो पाठ दुखते, तर दुखते. पेपरात छापून आलं आहे, लोकांनी वाचलं आहे. कुणी विचारलं तर कमरेवर हात ठेव. लोक दोन दिवस ओरडतील. पुस्तिकेत नाव छापलं की ते कसं मिळवलं ते खाली लिहीत नाहीत. मी सगळ्या पुस्तिका बघितल्या आहेत, कुठेच लिहिलेलं नाही.

तुझी आई असती तर वेगळं म्हणाली असती. पण तिला खाण बंद झाल्यावरची तीन वर्षं आठवत असती तर नसती म्हणाली. तू तेव्हा संघाच्या वसतिगृहात होतास. दर महिन्याला तुझं पाकीट यायचं आणि आम्ही दोघं ते देव्हाऱ्यात ठेवून मग उघडायचो. आता तुझी पाळी येऊ नये एवढंच बघतो.

शिंपेईचं मनात आणू नकोस. तो सव्वीस वर्षांचा आहे, त्याला अजून दहा किताब मिळतील. तुला हा एकच आहे. तोकुजीकाकांचं मी बघून घेतो.

रात्री उघड्या खिडकीशी झोपू नकोस. पाठ खरंच धरेल.

बाबा


चिकुहो, २८ सप्टेंबर

तोकुजीदादांस नमस्कार.

तुमचं पत्र आलं. तीनदा वाचलं, मग देव्हाऱ्यात ठेवलं, मग तिथे बरं दिसेना म्हणून काढलं.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. काझुतोची पाठ आता पुष्कळ बरी आहे. मी त्याला आजच लिहिलं आहे की खेळ, मॅनेजर काही म्हणो, तोकुजीकाकांनी शिकवलं तसा उभा राहा, मग जे व्हायचं ते होऊ दे. तो ऐकतो का ते बघायचं. हल्ली मुलं मोठी झाली आहेत, आणि मॅनेजरपुढे खेळाडूचं काय चालतं? तेव्हा तो बसलेला दिसला तर समजा की त्याला बसवलं आहे. पण माझ्याकडून मी सांगितलं आहे.

सामना ओबाताकडे टीव्हीवर बघणार आहे. तुम्ही बघू नका, तुमचा रक्तदाब वाढेल.

इकडे पर्सिमनची फळं लवकर पिकली. पिकली की पाठवतो. म्हणजे पिकली आहेत, पण अजून तुरट आहेत.

साकुइची


चिकुहो, ५ ऑक्टोबर

काझुतो,

काल तू का खेळलास?

माझं पत्र मिळालं नाही का? सामन्याआधी तीन दिवस मिळेल असं टपालवाला म्हणाला होता. मी त्याला आज पुन्हा विचारलं, तो चिडला.

दुकानात खुर्च्या कमी पडल्या होत्या. निवेदकाने तुझं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, "वा रे मर्दा" म्हणाले. मी एकटाच टाळ्या वाजवत नव्हतो, हे ओबाताने बघितलं. पहिल्यांदा बाद झालास, त्याने गणित केलं, म्हणाला, "अजून पहिला आहे." दुसऱ्यांदा बाद झालास, म्हणाला, "आहे, पण नखाएवढा." तिसऱ्यांदा झालास तेव्हा त्याने गणित केलं आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली. मी विचारलं, तर म्हणाला, "एक हिट हवा, साकुसान. एक मिळाला तर पुन्हा पहिला."

आणि शिंपेईला तुझ्या पिचरनी चारही वेळा फुकट सोडलं. त्याची सरासरी जिथे होती तिथेच गोठली. म्हणजे तुझ्याच मॅनेजरने ती बरणीत घालून सांभाळली आणि तू तुझी हाताने खाली आणलीस. असं कुणी करतं का?

तो शेवटचा चेंडू मी बघितला नाही. मी बाहेर गेलो होतो. आतून ओरडा झाला, पण कुणासाठी ते कळेना. मग सगळे गप्प झाले आणि मला कळलं.

जेवतोस ना? काय झालं ते लिही.

बाबा


सेतो, ७ ऑक्टोबर

साकु,

मी टीव्हीवर बघितला नाही. मी तिथे होतो.

तुझं पत्र वाचलं आणि घरात बसवेना. तू सांगितलं आहेस आणि काझुतो माझ्या पोरासमोर उभा राहणार आहे, हे मी सेतोत बसून कसं ऐकू? मुलीला म्हटलं दातांच्या डॉक्टरकडे जातो, आणि गाडी पकडली. संध्याकाळी तिला टीव्हीवरच्या गर्दीत मी दिसलो. आता ती माझ्याशी बोलत नाही.

खेळाडूंच्या दारापाशी काझुतो भेटला. मला बघून खाली वाकला, तसाच राहिला. मी त्याला तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, "पोरा, तुझा बाप भित्रा आहे असं मी आयुष्यभर म्हणत आलो. हे वाच, आणि माझ्या वतीने त्याची माफी माग." त्याने बराच वेळ वाचलं. घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "काका, डावीकडे बसा, तिकडे ऊन येत नाही." आत गेला.

मग लाउडस्पीकरवर त्याचं नाव आलं. मी टोपी काढली.

शिंपेईला त्यांनी मारण्याजोगा चेंडू दिलाच नाही. लोकांनी कागद फेकले, पिचरला शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा शिंपेई चिडला आणि हात पुरत नाही अशा चेंडूंवर दोनदा बॅट फिरवली. मी ओरडलो, "गाढवा, जा निमूट बेसवर." शेजारचा म्हणाला, "आजोबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, "तेच बघायला आलोय."

शेवटी काझुतोने मारला तो चेंडू मी त्याला शिकवला तसाच होता, मनगट उशिरा वळवून. डावीकडे, उंच, भिंतीकडे. आणि डावीकडे शिंपेई उभा. साकु, चेंडू पडावा की धरला जावा, यातलं मला काय हवं होतं ते मला आजही सांगता येत नाही. शिंपेई धावला आणि भिंतीला खांदा घासत त्याने तो धरला. काझुतो पहिल्या बेसच्या पुढे पोहोचला होता. तिथेच थांबला, हेल्मेट काढलं आणि डावीकडे बघून मान लववली.

किताब शिंपेईला मिळाला. घरी येऊन तो म्हणाला, "बाबा, हा त्याने दिला असं लोक म्हणतील." मी म्हटलं, "दिला नाही, हरला. उभं राहून हरला. फरक आहे."

असा मुलगा घडवायला बाप लागतो. मी तुला दिवेखोलीतला उंदीर म्हणायचो, ते परत घेतो. तुझं पत्र मी कोटाच्या खिशात ठेवलं आहे. भट्टीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

तोकुजी


ओकायामा, २० ऑक्टोबर

बाबांस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. घर आवरत होतो.

तुमचं पत्र तीन दिवस आधीच मिळालं होतं. टपालवाल्याची चूक नाही. सामन्याच्या सकाळीही ते माझ्या पिशवीत होतं, आणि मी बसणार होतो. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. मलाही बसायचंच होतं. तुम्ही लिहिलंत त्याने फक्त सोपं झालं.

मग दारापाशी तोकुजीकाका भेटले. हातात उकडलेल्या चेस्टनटची पुडी आणि खिशात तुमचं दुसरं पत्र. तारीख तीच. अक्षर तुमचंच, 'पाठ' लिहिताना तुम्ही नेहमी खोडता तसं खोडलेलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मला सांगितलं, तुझ्या बापाची माफी माग.

मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "पाठ बरी झाली." ते म्हणाले, "जी दुखतच नव्हती ती बरी कशी झाली?" मी म्हटलं, "मला खेळवा. आणि शिंपेईला चेंडू टाका." ते म्हणाले, "खेळ, तुझी हौस. पिचर माझे आहेत." पुढचं तुम्ही बघितलंत.

काकांना लिहिलेलं तुमचं पत्र खोटं पडू नये म्हणून मी खेळलो, एवढंच. तेव्हा आता तुम्ही काकांना काही सांगू नका. ते आनंदात आहेत. मी इतकं केलं ते वाया जाऊ देऊ नका.

संघाने काल बोलावलं होतं. आभारी आहोत म्हणाले. फुलं दिली. मॅनेजर नव्हते. तुमची सून तिच्या भावाच्या गॅरेजमध्ये बघू म्हणते. मला गाडी येत नाही हे तो ओळखून आहे, तरी हो म्हणाला.

तुमच्यावर राग आहे का, हे तुम्ही विचारण्याआधी सांगतो: आहे. जाईल.

काझुतो


सेतो, ९ नोव्हेंबर

साकु,

काझुतोचं पेपरात वाचलं. दोन ओळी होत्या.

या महिन्याच्या तीस तारखेला टोकियोला बक्षीस समारंभ आहे. किताब मिळालेल्यांच्या घरच्यांसाठी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या असतात. एक माझी. दुसरी शिंपेईच्या आईची असती. शिंपेईने परवा स्वतः सांगितलं, "तिथे साकुइचीकाकांना बसवू या. त्यांनी ते पत्र लिहिलं नसतं तर हा किताब घ्यायला मला लाज वाटली असती." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

ये. कोट नसेल तर माझा जुना देतो, बाह्या तुला लांब होतील.

तोकुजी


चिकुहो, १४ नोव्हेंबर

तोकुजीदादा,

हे पत्र मी चार दिवस लिहितो आहे. ओबाताला विचारलं असतं, पण त्याला सांगितलं तर उद्या सगळ्या वस्तीला कळेल. नंतर वाटलं, कळू दे. तरी त्याला विचारलं नाही.

मी खुर्चीवर बसू शकत नाही. कोट आहे माझ्याकडे.

तुमच्या खिशात जे पत्र आहे ते खोटं आहे. त्याच दिवशी, त्याच शाईने, आधी मी काझुतोला लिहिलं होतं: बस. कुणी विचारलं तर कमरेवर हात ठेव. हे माझेच शब्द आहेत. शिंपेईला पुढे दहा किताब मिळतील, असंही लिहिलं होतं. मग तुम्हाला उलटं लिहिलं, कारण तुम्ही मला भित्रा म्हणाल याची भीती वाटली. काझुतोची पाठ कधीच दुखली नव्हती. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

त्याने मला सांगितलं आहे की हे तुम्हाला कळू देऊ नये. माझी अब्रू राहावी म्हणून तो खेळला, असं म्हणतो. मी सुरुवातीला त्याचं ऐकायचं ठरवलं होतं. तुमचं कौतुक गप्प बसून घ्यायचं, तीच माझी शिक्षा, असं मनाला समजावलं. पण ती शिक्षा नव्हती, दादा. तुमचं कौतुकाचं पत्र ओबाताने वाचलं, वस्तीतले लोक रस्त्यात मला वाकून नमस्कार करायला लागले आणि मला ते आवडायला लागलं. परवा एकाने विचारलं, "मुलाला काय लिहिलं होतंत हो?" आणि मी तुम्हाला लिहिलेल्या पत्रातलं पाठ म्हणून दाखवलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

शिवाय काझुतो म्हणतो ते मला पटत नाही. बापाची अब्रू राहावी म्हणून माणूस एकदा उभा राहील. पहिल्यांदा बाद झाल्यावर त्याला परत बसता आलं असतं, मॅनेजर हसतच होता. मग सगळं राहिलं असतं, माझी अब्रू, तुमचा आनंद आणि किताबही. ओबाताने तेव्हा गणित केलं होतं, तो पहिलाच होता. तो पुन्हा गेला. पुन्हा गेला. हे त्याला मी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हीही त्या दिवशी सांगितलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं आहे, आणि सगळे ते माझ्या नावावर लिहीत आहेत. पुस्तिकेत त्याचं नाव येणार नाही. निदान हे तरी त्याच्याकडे राहिलं पाहिजे.

त्याला नोकरी राहिली नाही. मी घाबरत होतो तेच झालं, तेव्हा मी बरोबर होतो असंही रोज एकदा मनात येतं. तेही तुम्हाला सांगून टाकतो.

शिंपेईला हे सगळं सांगा. किताब घ्यायला त्याला लाज वाटायला नको. त्याच्यासमोर जो उभा राहिला तो कुणाच्या सांगण्यावरून उभा नव्हता.

दुसरी खुर्ची काझुतोला द्या. तो येईल की नाही मला ठाऊक नाही. मी बोलावलं तर येणार नाही, म्हणून बोलावणं शिंपेईकडून जाऊ द्या.

माझं पत्र खिशातून काढून टाका. किंवा ठेवा, तुमचं आहे.

साकुइची